बंदूक विकताना, देताना, वारशाने घेताना: नोंदी आणि कळवण्याचे नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं शस्त्रांचं दुकान होतं. विक्रीचं रजिस्टर मी सतरा वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलं. दुकान बंद झालं, पण विचारणारे थांबले नाहीत. "ताई, वडिलांची बारा बोअर आहे, काय करू?" अशाने सुरू होणारे निरोप आजही आठवड्याला दोन-तीन तरी येतात. त्यातलेच प्रश्न इथे घेतले आहेत, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथे आकडा दिला आहे. प्रत्यक्ष व्यवहाराआधी आपल्या जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत एकदा जरूर विचारा. अर्जाचा नमुना आणि फी तिथूनच कळेल.

१. बंदुकीच्या खरेदी-विक्रीला कुठला कायदा लागतो? महाराष्ट्राचा वेगळा आहे का?

कायदा केंद्राचा आहे आणि तो सगळ्या राज्यांना एकच आहे: शस्त्र अधिनियम, १९५९. इंग्रजांच्या १८७८च्या कायद्याच्या जागी तो आला आणि १ ऑक्टोबर १९६२ला लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे आहेत. त्याआधी १९६२चे नियम चालत. डिसेंबर २०१९मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. म्हणून जुन्या माहितीवर, विशेषतः "तीन हत्यारं चालतात" असं सांगणाऱ्यावर, विसंबू नका (प्रश्न १६).

अंमलबजावणी जिल्ह्यात होते. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा आयुक्तालयांच्या हद्दीत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. कायद्यात जिथे "जिल्हादंडाधिकारी" असं लिहिलं आहे, तिथे आयुक्तालयात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्त असं वाचायचं. गोव्यात जिल्हाधिकाऱ्यांकडेच जायचं.

२. परवाना माझ्या नावावर, बंदूकही माझी. दुकानदाराला मध्ये न घेता ओळखीच्या माणसाला विकता येते का?

येते. कलम ५(२) त्यासाठीच आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं हत्यार विकायला विक्रीचा वेगळा परवाना लागत नाही. पण तीन गोष्टी हव्यातच. घेणारा ते हत्यार बाळगायला कायद्याने पात्र असला पाहिजे. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता तुम्ही आधी लेखी कळवलेलं असलं पाहिजे. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटलेले असले पाहिजेत.

"आधी देऊन टाकू, कागद नंतर करू" हे इथे चालत नाही. घेणारा सख्खा मित्र असला तरी नाही.

३. हे ४५ दिवस कधीपासून मोजायचे? पत्र कुणाला आणि काय लिहून द्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

पत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला द्यायचं. कायद्यात "किंवा" आहे, पण मी दोन्हीकडे द्यायला सांगते. पुढे परवाना शाखा ठाण्याकडे अहवाल मागते, तेव्हा ठाण्यात तुमचं पत्र आधीच असलं तर काम अडत नाही.

पत्रात इतकं हवंच: तुमचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि यूआयएन (परवानाधारकाचा ओळखक्रमांक, प्रश्न ५). हत्याराचा प्रकार, बोअर (नळीच्या भोकाचं माप), बनावट आणि नळीवरचा नंबर. सोबत काडतुसं देणार असाल तर त्यांची संख्या. घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, त्याचा परवाना क्रमांक, यूआयएन आणि तो परवाना कुणी दिला ते. दोन्ही परवान्यांच्या छायाप्रती जोडा.

दिवस मोजायचे ते माहिती दिल्याच्या तारखेपासून, म्हणजे पोहोच मिळाल्याच्या तारखेपासून. सौदा तोंडी ठरल्याची किंवा पत्रावर तुम्ही लिहिलेली तारीख इथे कामाची नाही. म्हणून तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एकदा एका कार्यालयात माझ्या समोरच्या काकांची पोहोच "उद्या या, शिक्का आत आहे" म्हणून राहिली. उद्या सुट्टी निघाली, परवा बाबू बदलले, आणि मूळ पत्र कुठल्या गठ्ठ्यात गेलं ते कुणालाच सापडलं नाही. काकांना नवं पत्र देऊन ४५ दिवस पहिल्यापासून मोजावे लागले. नोंदणीकृत टपालाने पाठवलंत, तर पावती आणि पोहोचपत्र दोन्ही जपून ठेवा.

४. कायदा फक्त "कळवा" म्हणतो. मग कार्यालयात "परवानगी येईपर्यंत थांबा" का सांगतात?

कलमात शब्द माहिती देण्याचा आहे, हे खरं. पण विक्रीनंतर तुमच्या परवान्यातून हत्यार कमी होणं आणि घेणाऱ्याच्या परवान्यात चढणं, या दोन्ही नोंदी परवाना प्राधिकाऱ्यांच्याच हातात आहेत. म्हणून बहुतेक ठिकाणी शाखा लेखी आदेश किंवा नाहरकत देते आणि त्यावरून व्यवहार होतो. माझा सल्ला असा: ४५ दिवस झाले तरी लेखी उत्तर हाती येईपर्यंत हत्यार देऊ नका. उत्तर लांबलं तर स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोहोच घ्या. हत्यार दुसऱ्याच्या घरात आणि नोंद तुमच्या नावावर अशी मधली अवस्था एक दिवसही येऊ देऊ नका. त्या दिवसात काही घडलं, तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल.

५. घेणाऱ्याचा परवाना तपासायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं?

मूळ पुस्तिका हातात घेऊन पाहा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर सौदा ठरवू नका. आधी मुदत बघा. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं झाली, त्याआधी ती ३ वर्षं होती. मग यूआयएन बघा. हा क्रमांक राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमधला असतो, एका माणसाला एकच, आणि त्याशिवायचा परवाना आता ग्राह्य धरत नाहीत.

त्यानंतर मंजूर हत्याराचा प्रकार. परवाना रिव्हॉल्व्हरचा असेल, तर त्यावर बारा बोअर घेता येत नाही. शेवटी नोंदींची पानं उलटा. त्याच्याकडे आधीच दोन हत्यारं चढलेली असतील, तर तिसरं त्याला घेता येणार नाही (अपवाद प्रश्न १६मध्ये).

माणूसही पाहायचा असतो. २१ वर्षांखालच्या व्यक्तीला, हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास होऊन शिक्षा संपल्यावर पाच वर्षं न झालेल्याला, शांतता राखण्याच्या बंधपत्राची मुदत चालू असलेल्याला किंवा मानसिक संतुलन ठीक नसलेल्याला हत्यार देणं कलम ९ने मना आहे. "मला माहीत नव्हतं" हे नेहमी पुरत नाही, कारण कायदा "माहीत आहे किंवा तसं मानायला कारण आहे" अशा शब्दांत बोलतो. समोरच्याचं लक्षण ठीक वाटत नसेल, तर सौदा मोडा.

६. आदेश आला, पैसे मिळाले, बंदूक दिली. आता कुठेकुठे नोंद व्हायला हवी?

तीन ठिकाणी. तुमच्या परवान्यातून हत्यार कमी झालं पाहिजे, घेणाऱ्याच्या परवान्यात नंबरासह चढलं पाहिजे, आणि दोघांच्या यूआयएनखाली संगणकातली नोंद बदलली पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. पुस्तिकेत शाईने लिहिलेलं असतं, पण पुढच्या नूतनीकरणाला संगणकात हत्यार अजून तुमच्याच नावावर दिसतं आणि फाइल थांबते.

याशिवाय आपापसात एक साधी विक्रीपावती करा: तारीख, वेळ, ठिकाण, नंबर, किंमत, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. कायद्याने तिचा नमुना ठरवून दिलेला नाही, पण ताबा नेमका कधी बदलला ते सांगणारा हा एकच कागद तुमच्याकडे राहतो. परवान्यावर दुसरं हत्यार नसेल, तर पुस्तिकेचं काय करायचं हेही त्याच भेटीत शाखेला विचारा.

७. नळीवरचा नंबर आणि परवान्यातला नंबर जुळत नाही. विकता येईल का?

आधी दुरुस्ती, मग विक्री. कलम ८ दोन गोष्टी सांगतं: हत्यारावरचं नाव, नंबर किंवा खूण कुणीही खोडायची, बदलायची नाही. आणि ओळखीची खूण नसलेलं बंदुकीसारखं हत्यार कुणी विकायचं किंवा हस्तांतरित करायचं नाही.

बहुतेक वेळा चूक लिहिण्यातली असते. आमच्याकडे एक दुनळी आली होती. परवान्यात नंबर ८ने संपत होता. नळीच्या खालच्या बाजूला, लाकडी हातपकड काढल्यावर, गंजाचा पातळ थर होता. वडिलांनी तेलाचं बोट फिरवलं, मऊ फडक्याने पुसलं आणि भिंगाखाली धरलं. तो ६ होता. १९७०च्या दशकात कुणीतरी घाईत वाचला, आणि पुढची प्रत्येक नोंद त्या चुकीवरूनच उतरवली गेली. चार नूतनीकरणांत कुणी हत्यार उलटं करून पाहिलं नव्हतं.

अशा वेळी सँडपेपर, तारेचा ब्रश, ॲसिड काहीही वापरू नका. नंबर पुसट झाला तर तुम्हीच तो खोडला असा अर्थ निघेल. हत्यार ठाण्यात किंवा शाखेत नेऊन दाखवा, तपासणीचा अहवाल करून घ्या आणि परवान्यात दुरुस्ती मागा. मूळ खरेदीचं बिल सापडलं तर काम खूप हलकं होतं.

८. आमच्या कोकणातल्या घरी शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. तिच्यावर नंबरच नाही. मग?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून हा प्रश्न सतत येतो. माकडं, रानडुकरं यांच्यापासून बागायत राखण्यासाठी दिलेले हे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि बंदुका स्थानिक लोहारांनी घडवलेल्या. खूण नसलेली बंदूक हस्तांतरित करता येत नाही (प्रश्न ७), ती ठासणीची असली तरी. परवाना शाखेला लेखी कळवून मान्य पद्धतीने ओळखक्रमांक ठोकून घ्या आणि तो परवान्यात चढवून घ्या. घरच्या घरी छिन्नीने आकडे कोरू नका. हे काम विकायची वेळ येण्याआधीच उरका, कारण मालक गेल्यावर वारसांना ही बंदूक कोणती हेच सिद्ध करावं लागतं.

९. परवानाधारक दुकानदारालाच विकली तर ४५ दिवसांची अट सुटते का?

कलमाच्या शब्दांत दुकानदारासाठी सूट नाही. "दुसऱ्या व्यक्तीला" विकताना माहिती द्यायची आहे, आणि दुकानदारही दुसरी व्यक्तीच आहे. फरक इतकाच की मधल्या काळात हत्यार त्याच्याकडे सुरक्षित ठेवण्यासाठी जमा करता येतं, तशी सोय असलेल्या दुकानात. मात्र जमा करणं म्हणजे विकणं नव्हे. पावतीवर "जमा" असंच लिहिलं आहे ना, ते वाचून सही करा.

१०. दुकानदाराला कोणत्या नोंदी ठेवाव्या लागतात? गिऱ्हाईक म्हणून मी काय पाहावं?

दुकानदार चार बाजूंनी बांधलेला असतो: आलेला माल, विकलेला माल, शिल्लक साठा आणि जमा ठेवलेली हत्यारं. विक्रीच्या प्रत्येक ओळीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, हत्याराचा किंवा काडतुसांचा प्रकार, नंबर, संख्या आणि तारीख. दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारी तपासणीला आले की रजिस्टर आणि साठा दोन्ही समोर ठेवावे लागतात, आणि आकडा जुळला नाही तर दुकानाचा परवानाच धोक्यात येतो. आमच्याकडे रोज शटर ओढण्याआधी काडतुसांचे बॉक्स मोजले जायचे. दिवाळीच्या दिवशीसुद्धा. एकदा दोन राउंड कमी भरले, म्हणून वडील आणि मी रात्री साडेअकरापर्यंत थांबलो. ते फळीच्या मागे घरंगळले होते.

तुमच्या बाजूने पाहायची गोष्ट एकच, पण ती सोडू नका. विक्री झाली की दुकानदाराने तुमच्या मूळ परवान्यावर नोंद केली पाहिजे: काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं, आणि खाली त्याची सही-शिक्का. काडतुसांचा एक बॉक्स घेतला तरी. "परवाना घरी राहिला? बघू पुढच्या वेळी" असं म्हणणाऱ्या दुकानातून उठून या. नवीन हत्यार घेतलं असेल, तर ते परवाना प्राधिकाऱ्यांना किंवा ठाण्यात दाखवून नोंद पक्की करून घ्या.

११. बंदूक विकली, काडतुसं उरली. मित्राला दोन-चार दिली तर चालतं का?

नाही. कलम ५(२)मध्ये हत्यारासोबत दारूगोळाही आहे, त्यामुळे काडतुसांनाही तीच माहिती आणि तेच ४५ दिवस लागतात. शिवाय प्रत्येक परवान्यावर एका वेळी किती राउंड ठेवायचे आणि वर्षभरात किती घ्यायचे याची मर्यादा लिहिलेली असते. मित्राच्या मर्यादेत तुमची काडतुसं कुठेच नोंदलेली नसतील.

उरलेली काडतुसं विक्रीच्या पत्रात लिहा (प्रश्न ३), नाहीतर ठाण्यात किंवा दुकानात पावती घेऊन जमा करा. बंदूक गेल्यावर ती घरात ठेवायला तुम्हाला आधार उरत नाही. वाड्यांच्या फडताळात, धान्याच्या कणगीमागे ओलसर झालेली जुनी काडतुसं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. ती खडकी-वरणगावच्या कारखान्यातली असोत की परदेशी, जुनी झाली म्हणून ती कायद्यातून सुटत नाहीत आणि निरुपद्रवीही होत नाहीत.

१२. पैसे न घेता भावाला भेट दिली तर?

कायद्यात "विक्री किंवा हस्तांतरण" असे दोन्ही शब्द आहेत. पैसे घेतले की नाहीत याने काही बदलत नाही. प्रश्न २ ते ६ जसेच्या तसे लागू.

१३. मला चालता येत नाही. मुलगा माझी बंदूक दुरुस्तीला घेऊन गेला, तर ते हस्तांतरण होतं का? त्याच्याकडे परवाना नाही.

होत नाही. पण कागद हवा. कलम ३च्या परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अपवादानुसार), परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याला हत्यार नेता येतं. म्हणून मुलाच्या हातात तारखेसह सही केलेलं पत्र आणि मूळ परवाना द्या. पत्रात कारण आणि दुकानाचं नाव लिहा. बंदूक मोकळी करून, काडतुसांशिवाय, सरळ दुकानात जायचं आणि सरळ घरी यायचं. वाटेत मित्राच्या फार्महाउसवर थांबणं या पत्रात बसत नाही.

१४. वडील वारले. बंदूक घरात आहे. किती दिवसांत काय करायचं?

हा प्रश्न बहुतेकदा तेराव्याच्या आसपास येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज दमलेला असतो. म्हणून क्रमाने सांगते.

परवाना माणसाला दिलेला असतो. माणूस गेला की घरातल्या कुणाकडेही ते हत्यार कायदेशीर राहत नाही. कलम २१ म्हणतं, ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. सैन्यातल्या माणसांसाठी युनिटचं शस्त्रागारही चालतं. कायद्याने दिवसांचा आकडा दिलेला नाही, पण वर्षश्राद्धापर्यंत थांबणं म्हणजे नक्कीच उशीर.

हत्याराला हात लावायची भीती वाटत असेल, तर ठाण्यात फोन करून सांगा. भरलेलं आहे की नाही हे माहीत नसेल, तर उघडून पाहू नका. जमा करताना पावतीवर नंबर, स्थिती आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या.

जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतः परवाना घेऊन हत्यार परत मिळवू शकतो, किंवा पात्र व्यक्तीला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत उलटली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होतं. ही मुदत जमा करतानाच विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा.

वारसाला ठेवायचं असेल, तर २०१६च्या नियमांतला नियम २५ आहे. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची नाहरकत, पावती आणि मूळ परवाना जोडून अर्ज करायचा. वारस या शब्दात पती-पत्नी, मुलं, भाऊ, बहीण, जावई, सून, नातवंडं येतात. विवाहित मुलगीही येते, आणि हे मुद्दाम सांगते, कारण "पोरीच्या नावावर होत नाही" असं सांगून तिची सही नाहरकतीवर घेतलेली मी पाहिली आहे. पोलीस अहवाल मात्र नव्या अर्जदारासारखाच होतो.

१५. वडील हयात आहेत, वय ७२. आत्ताच माझ्या नावावर करता येईल?

येईल. नियम २५मध्येच सोय आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतात. वडील स्वतः कार्यालयात येऊन सही करू शकतात तोवर हे उरकलेलं बरं. प्रश्न १४मधली निम्मी धावपळ वाचते.

१६. माझ्याकडे दोन हत्यारं आहेत. वारशाने तिसरं येतंय. ठेवता येईल?

नाही. १४ डिसेंबर २०१९पासून मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने परवाना देतानाही ती ओलांडायची नाही असं दुरुस्तीतच लिहिलं आहे. एक निवडा, उरलेलं विका किंवा जमा करा. आजोबांची आठवण म्हणून तिसरं ठेवण्याची मुभा नाही. दोनाची मर्यादा न लागणारे म्हणजे परवानाधारक दुकानदार आणि ठरावीक खेळाडू. २०२०च्या बदलानुसार आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या किंवा नामांकित नेमबाजाला खेळासाठी १२पर्यंत जादा हत्यारं ठेवता येतात.

१७. मुलगा एकटाच आहे आणि त्याचं वय १९ आहे. काय करायचं?

२१ पूर्ण होईपर्यंत त्याच्या नावावर होणार नाही (प्रश्न ५). हत्यार जमा करा, आणि वारस अज्ञान वयाचा नसून फक्त परवान्याच्या वयाखाली आहे, हे कळवून जमा-मुदतीबद्दल लेखी विचारा. आई, आजी, काका यांच्यापैकी पात्र वारस असेल, तर त्यांनी अर्ज करणं जास्त सुटसुटीत.

१८. नूतनीकरण करायचं राहिलं, परवाना संपला. आता विकून टाकता येईल?

थेट नाही. मुदत संपली की ताबाच कायदेशीर राहत नाही, मग "कायदेशीर बाळगलेलं हत्यार" म्हणून प्रश्न २मधली सवलत मिळणार कशी? आधी कलम २१खाली जमा करा. तिथून पात्र माणसाला विकण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो.

१९. बंदूक चोरीला गेली. विकलेली नाही, मग हे नोंदीत कसं येतं?

जवळच्या ठाण्यात लगेच लेखी तक्रार द्या, नंबरासह, आणि प्रत परवाना शाखेला द्या. हरवल्याची किंवा चोरीची खबर उशीर न करता देणं ही परवान्याची अट आहे. दिवस गेले तर तुम्ही ती विकून चोरीचा बनाव केला असा संशय येऊ शकतो. यासाठीच नंबराचा एक स्पष्ट फोटो घरात वेगळा ठेवा.

२०. निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती. याची विक्रीसारखी नोंद होते का?

नाही, मालकी आणि परवाना तुमचाच राहतो. कुणाचं हत्यार जमा करून घ्यायचं ते जिल्ह्याची छाननी समिती पाहते. पावती घ्या, परत घेताना नंबर पावतीशी पडताळा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन एकनळ्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे, आणि दोन्ही मालकांना ते वर्षभराने कळलं.

२१. मी कोल्हापूरचा, घेणारा बेळगावचा. राज्य वेगळं असल्याने काय बदलतं?

पत्र तुमच्या जिल्ह्यातच द्यायचं, पण घेणाऱ्याने त्याच्या परवाना प्राधिकाऱ्यांकडून हे हत्यार घेण्याबद्दलचा कागद आणलेला हवा. मग प्रश्न नेण्याचा येतो. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. त्याचा परवाना कर्नाटकापुरता असेल, तर कोल्हापुरात हत्यार हातात घेऊन तो निपाणीपर्यंत कायदेशीर जाऊ शकत नाही. वाहतुकीची वेगळी परवानगी घ्या किंवा दोन्ही बाजूंच्या परवानाधारक दुकानांमार्फत पाठवा. एसटीच्या पार्सलमध्ये किंवा कुरिअरने पाठवू नका.

तुम्ही स्वतःच घर बदलत असाल आणि हत्यार सोबत असेल, तर ते हस्तांतरण नाही. पण नव्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्यांना ३० दिवसांत कळवायचं असतं.

२२. वाड्याच्या भिंतीवर तोड्याची जुनी बंदूक टांगलेली आहे. तिलाही हे सगळं लागतं?

जुन्या पद्धतीचं किंवा पुरातन मूल्याचं हत्यार, आणि दुरुस्ती करूनही उडणार नाही असं मोडकं हत्यार, यांना कलम ४५मध्ये सूट आहे. २०२०पासून दुर्मीळ संग्राह्य वस्तू या वर्गातली छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला परवान्याशिवाय घेता-ठेवता येतात, मात्र वापरायला किंवा बाहेर न्यायला परवाना लागतो. आपली बंदूक यात बसते की नाही हे घरात बसून ठरवू नका. जाणकाराकडून तपासून लेखी घ्या आणि विकताना तो कागद सोबत द्या. पणजोबांची असली तरी चालू स्थितीतली काडतुसाची दुनळी केवळ वयामुळे या सुटीत येत नाही.

२३. एअरगन विकताना?

४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे ४५ दिवसही नाहीत. त्यावरची असेल तर लागतो. बिल जपा, आणि दुसऱ्याला देताना बिलावर त्याचं नाव, तारीख लिहून सही घ्या.

२४. अमेरिकेतून कायमचे परत येताना स्वतःची बंदूक आणली. इथे विकता येईल?

वास्तव्य बदलताना परदेशात किमान वर्षभर वापरात असलेलं एक हत्यार, भारतातला परवाना आणि शुल्क भरून, आणता येतं. पण कस्टम्सची अट अशी की आणणाऱ्याच्या हयातीत ते विकायचं, उसनं द्यायचं किंवा दुसऱ्याला हस्तांतरित करायचं नाही. प्रश्न २चा रस्ता त्याला बंद आहे. ठाणे आणि पुण्यातल्या दोन कुटुंबांना हे आणल्यानंतर कळलं.

२५. नाही कळवलं तर शिक्षा किती?

इथे एक मोठा फरक आहे. घेणारा पात्र होता, पण तुम्ही कळवलं नाही किंवा ४५ दिवस थांबला नाहीत, तर कलम २५(३): सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रक्कम ऐकून लोक निश्चिंत होतात. पण घेणाऱ्याकडे परवानाच नसेल, तर ५(२)ची सवलतच उरत नाही, आणि व्यवहार विनापरवाना विक्रीत मोडतो. २०१९नंतर त्याला किमान ७ वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तीच बंदूक, तेच दोन हात. घेणाऱ्याचा परवाना पाहिला की नाही, एवढाच फरक.

२६. विक्रीचे कागद किती वर्षं जपायचे?

तुमच्या हयातीत सगळे, आणि नंतर मुलांना सांगून ठेवा. पोहोच, आदेश, विक्रीपावती, परवान्याच्या जुन्या पानांच्या छायाप्रती, सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने .३२चं रिव्हॉल्व्हर विकून अकरा वर्षं झाली होती. दोन मालक बदलल्यावर ते एका भांडणात जप्त झालं, आणि पोलीस नंबर धरून मागे येत येत या गृहस्थांच्या दारात पोहोचले. ते अंथरुणाला खिळलेले होते. पत्नीने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पाकीट काढलं, आवक शिक्क्याची पिवळी पडलेली प्रत हवालदारांसमोर ठेवली. त्यांनी तिचा फोटो घेतला, दोन ओळींचा जबाब लिहून घेतला आणि चहा पिऊन गेले.